मातीची गाडी, तांब्याचा रथ, जस्ताची कॉर्व्हेट

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ला ज्या वस्तूवरून नाव मिळाले, ती वस्तू रंगमंचावर फार थोडा वेळ दिसते. सहाव्या अंकात चारुदत्ताचा मुलगा रोहसेन रडत येतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळून आला आहे आणि रदनिकेने करून दिलेली मातीची गाडी आता त्याला नको आहे. वसंतसेना अंगावरचे अलंकार उतरवून त्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे, असे त्याला सांगते. देवलांच्या मराठी रूपांतरामुळे हा प्रसंग आपल्या चांगल्या परिचयाचा आहे, आणि वर्गात तो शिकवताना आपण बहुधा वसंतसेनेच्या वात्सल्यापाशी थांबतो. परंतु नाटकाच्या रचनेत या खेळण्याचे खरे काम नवव्या अंकात, न्यायसभेत होते. तेच अलंकार परत करण्यासाठी निघालेल्या मैत्रेयाच्या काखेतून ते भर सभेत खाली पडतात आणि चारुदत्तावरच्या खुनाच्या आरोपाला जणू पुरावाच मिळतो. हे अलंकार तुझ्या मुलीचे का, असे वसंतसेनेच्या आईला विचारले जाते. ती म्हणते, सारखे दिसतात खरे, पण ते नव्हेत. कुशल कारागीर एक वस्तू पाहून तिच्यासारखी दुसरी घडवू शकतात, हे न्यायाधीशालाही मान्य आहे.

सभेपुढे प्रश्न दोन आहेत. वस्तू मूळची आहे की तिची प्रतिकृती? आणि ती येथे आली कशी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चारुदत्त प्रामाणिकपणे देतो. दुसऱ्याचे धड देत नाही, आणि त्या अर्धवट उत्तरापायी त्याला वधस्थानाकडे नेले जाते.

लहान गाड्यांच्या संग्रहाचा इतिहास लिहावयाचा तर तो या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने लिहिला पाहिजे, असे माझे मत झाले आहे. त्याला निमित्त झाली एक अमेरिकन मोटार. वाशीतील माझ्या एका स्नेह्यांच्या काचेच्या कपाटात ‘कॉर्व्हेट’ या एकाच मोटारीच्या तीसेक ओतीव प्रतिकृती आहेत. (वाशी म्हणजे नवी मुंबईतली नव्हे, धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या पठारावरची. हा खुलासा आमच्या भागातल्या माणसाला जन्मभर करावा लागतो.) खऱ्या कॉर्व्हेटमध्ये ते कधी बसलेले नाहीत, आणि बसतील असेही नाही. साहित्याच्या अभ्यासकाने अशा कपाटाकडे हौशी माणसाचा चाळा म्हणून पाहावे, अशी आपल्याकडची रीत आहे. ती मला फारशी बरोबर वाटत नाही.

प्रथम त्या मोटारीविषयी. जनरल मोटर्सच्या ‘मोटोरामा’ या फिरत्या प्रदर्शनात, १७ जानेवारी १९५३ रोजी, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात कॉर्व्हेट लोकांसमोर आली. दुसऱ्या महायुद्धात युरोपात गेलेले अमेरिकन सैनिक तिकडच्या लहान, दोन आसनी, वेगवान गाड्यांच्या प्रेमात पडून परतले होते. त्या गाड्यांना दिलेले हे अमेरिकन उत्तर होते. त्याच वर्षी ३० जूनला मिशिगनमधील फ्लिंट येथे उत्पादन सुरू झाले आणि वर्षअखेर ३०० गाड्या तयार झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, आणि बऱ्याच अंशी हाताने जोडलेल्या. पहिली दोन वर्षे खप बेताचाच होता. सहा सिलिंडरचे इंजिन आणि दोनच वेगांचा स्वयंचलित गिअर घेऊन धावणाऱ्या या गाडीला शर्यतीची गाडी म्हणणे कठीणच होते. १९५५ मध्ये तिला आठ सिलिंडरचे इंजिन मिळाले, झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्यासारखा हट्टी अभियंता मिळाला, आणि मग तिचे नशीब पालटले.

संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष मात्र १९६३. त्या वर्षीच्या ‘स्टिंग रे’ रूपात मागच्या काचेच्या मधोमध एक उभा पट्टा होता, त्यामुळे काच दुभंगलेली दिसे. बिल मिचेल या प्रमुख रचनाकाराला तो पट्टा अत्यंत प्रिय होता. डंटोव्ह यांचे म्हणणे असे, की त्यामुळे चालकाला मागचे दिसत नाही. १९६४ मध्ये पट्टा गेला. एका वर्षापुरते टिकलेले हे वैगुण्य पुढे सर्वांत हवेसे लक्षण ठरले. आज १:१८ किंवा १:२४ प्रमाणात कॉर्व्हेटची प्रतिकृती काढणारा कारखाना दुभंगलेल्या काचेची १९६३ सालची गाडी सहसा टाळत नाही. पाठभेदांच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटणार नाही. एखाद्या आवृत्तीत राहून गेलेला आणि पुढच्या आवृत्तीत काढून टाकलेला शब्दच त्या आवृत्तीची ओळख होऊन बसतो, हे आपल्या परिचयाचे आहे.

येथे एक विरोधाभास नमूद केला पाहिजे. खऱ्या कॉर्व्हेटचे बाह्यांग पहिल्यापासून फायबरग्लासचे आहे, पत्र्याचे नाही. म्हणजे मूळ गाडीचे अंग काचतंतूंचे आणि तिची हातभर अंतरावरून न्याहाळायची प्रतिकृती धातूची! कपाटातली १:१८ ची स्टिंग रे सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब असते आणि उचलली की हाताला जड लागते. प्रतिकृतीने मुळाशी प्रामाणिक राहावे म्हणून आपण तिला निवडतो, पण आपल्याला आवडते ते तिचे वजन, जे मुळात त्या प्रकारे नव्हतेच. गेल्या दशकात ‘ऑटोआर्ट’सारख्या नामांकित कारखान्याने आपल्या अनेक प्रतिकृतींचे बाह्यांग संमिश्र प्लास्टिकमध्ये काढायला सुरुवात केली, तेव्हा कडा अधिक रेखीव आल्या, दारांच्या फटी अधिक बारीक झाल्या, तरीही अनेक संग्राहक हळहळले. कॉर्व्हेटच्या बाबतीत तर ती मुळाच्या अधिक जवळ गेली होती.

आता या ओतकामाविषयी, कारण त्याचे मूळ आपल्या म्हणजे अक्षरांच्या घरात आहे. वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात भरायचा, तो क्षणार्धात थिजला की साच्याची दोन अर्धुके उघडायची आणि हुबेहूब तसाच दुसरा, तिसरा, दहाहजारावा तुकडा काढायचा, ही रीत आधी छपाईच्या खिळ्यांसाठी निघाली. अशा हाताने चालणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत १८४९ मध्ये घेतले गेले. पुढे लायनोटाइप आले. शिकागोतील डाउस्ट बंधू धोबीव्यवसायासाठी एक नियतकालिक काढीत असत. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी लायनोटाइप पाहिले आणि ओळी ओतणाऱ्या यंत्रातून बटणे, बिल्ले, चिमुकल्या वस्तूही निघू शकतील हे त्यांच्या लक्षात आले. १९१० च्या दशकात त्यांच्या कारखान्यातून ओतीव मोटारगाड्या बाहेर पडू लागल्या आणि ‘टूट्सीटॉय’ या नावाने प्रसिद्ध झाल्या.

हा काळ आपल्याकडेही ओतकामाचाच होता, फक्त खेळण्यांऐवजी अक्षरांचा. मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ च्या सुमारास खिळ्यांचा ओतखाना सुरू केला आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना. रानोजी रावजी आरू यांनी कापलेल्या ठशांवरून मातृका आणि मातृकांवरून खिळे, अशा क्रमाने जे देवनागरी वळण तयार झाले त्यातच आपल्या अनेक पिढ्यांनी संस्कृत व मराठी ग्रंथ वाचले. खिळ्याचा धातू म्हणजे शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे मिश्रण. सुरुवातीच्या ओतीव खेळण्यांतही शिसेच असे. पुढे स्वस्त, हलके आणि मुलांच्या तोंडात गेले तरी बरे, म्हणून जस्त आले. १९२९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांचे ‘झामॅक’ नावाचे मिश्रण बाजारात आणले, आणि आजची बहुतेक ओतीव गाडी त्याच कुळातल्या धातूची असते. गंमत पाहा, या मिश्रणाचा सर्वांत मोठा शत्रू शिसे. जस्त पुरेसे शुद्ध नसेल, त्यात शिशाचा अंश राहिला असेल, तर धातूच्या कणाकणांमधून गंज शिरतो. वस्तू फुगते, तडकते आणि एके दिवशी कपाटात ठेवल्या जागी तिचा भुगा होतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या युद्धपूर्व ‘डिंकी’ गाड्यांतल्या कित्येक अशाच गेल्या. याला संग्राहक जस्ताची कीड म्हणतात. औषध नाही. ज्या शिशाने अक्षर वाहून नेले तेच जस्ताच्या गाडीचे विष ठरते.

१९५३ हे कॉर्व्हेटचे वर्ष, तेच लंडनच्या ‘लेस्नी’ कंपनीचेही. दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने तिने काढलेला चिमुकला राजरथ दहा लाखांवर खपला आणि त्याच वर्षी आगपेटीत मावणाऱ्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या निघाल्या. १९६८ मध्ये अमेरिकेत ‘मॅटेल’ने ‘हॉट व्हील्स’च्या पहिल्या सोळा गाड्या आणल्या. त्यांत एक कॉर्व्हेट होती, आणि त्या पहिल्या संचातील बहुतेक गाड्यांचे आरेखन करणारे हॅरी ब्रॅडली हे जनरल मोटर्समधूनच आलेले होते. म्हणजे मूळ गाडीच्या कागदांवर काम केलेल्या घराण्यातलाच माणूस प्रतिकृतीच्या कागदावर बसला होता.

हे सारे भारतात कसे आले? बराच काळ आलेच नाही. खेळण्यांच्या आयातीवर परवाने आणि बंधने होती. परिमाणात्मक निर्बंध अखेर १ एप्रिल २००१ पासून उठले. मधल्या काळात गाड्या आल्या नाहीत, साचे आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे वापरून झालेले काही साचे कोलकात्याच्या एका कारखान्याकडे गेले आणि तेथून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघू लागल्या. बुडाच्या पत्र्यावर पूर्वी ‘डिंकी’ असे कोरलेले होते. ते घासून, बदलून ‘निकी’ केले गेले. रंग जाड, चाके थोडी वेडीवाकडी, पण साचा तोच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ‘ब्लो प्लास्ट’ने मॅटेलच्या सहकार्याने ‘लिओ’ या नावाखाली हॉट व्हील्स काढल्या. आज परदेशातले संग्राहक या भारतीय ‘लिओ’ गाड्या आवर्जून शोधतात. त्या अधिक सुबक आहेत म्हणून नव्हे, तर बुडावरच्या दोन शब्दांमुळे. त्याच साच्यातून निघालेली एक मोटार मलेशियाची, एक भारताची, एवढा भेद सांगणारी जागा तेवढीच.

ओतीव गाडीचा संग्राहक गाडी हातात घेतल्यावर प्रथम ती उलटी का करतो, याचे उत्तर येथे आहे. वरचा रंग, दारे, इंजिन हे सगळे नंतर. बुडाचा पत्रा ही त्या गाडीची पुष्पिका होय. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव, शक लिहितो तसा. खोकेही याच कारणासाठी जपले जाते. खोक्यासह असलेल्या गाडीला खोक्याविना असलेल्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक मोल मिळते हे बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटते. परंतु पुराणवस्तूच्या व्यवहारात ज्याला उत्खननातील थर म्हणतात, त्याच्या जागी येथे खोके आहे.

थराचा विषय निघाला की महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत देखण्या ओतीव गाडीपाशी यावे लागते. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद हे उजाड झालेले गाव. १९७४ मध्ये तेथे एका भिल्ल गावकऱ्याला जळणासाठी झुडपाचे मूळ खणताना चार ओतीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे. दोन भरीव चाके, लांब दांडी, जुवाला जोडलेले दोन बैल, मागे उभा राहून हाकणारा पुरुष, आणि दांडीवर उभा असलेला एक कुत्रा. हा कुत्रा मला फार आवडतो. रथाला त्याची काहीही गरज नाही. ज्याने तो घडवला त्याने रस्त्यावरची खरी गाडी पाहिली होती, याची साक्ष मात्र तो देतो.

बाकीचे तीन प्राणीही गाडीसारखेच आहेत. ते बैठकीवर उभे आहेत आणि बैठकीला आस बसवण्याची सोय आहे. हत्तीची चाके हरवली आहेत. आपल्याकडे विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल चाकांवर ओढत नेतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला या जनावरांच्या पायांखालची चाके परकी वाटणार नाहीत. मराठवाड्यात पोळ्याला मातीचे बैल घरोघर पुजले जातात, त्यांना चाके नसतात. पण तेही बाजारातून जोडीने आणायचे, आणि सण झाला की त्यांचे काम संपते. दायमाबादच्या वस्तू खेळणी होत्या की मिरवणुकीत ओढायच्या पूजावस्तू, हा वाद अजून आहे. एवढ्या वजनाचे खेळणे कोणते मूल ओढील, हा प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला पूजा आणि खेळ यांत इतका कडक उंबरा त्या काळी असेल असे वाटत नाही. पोळ्यात तो आजही नाही.

मोठा वाद काळाचा आहे, आणि त्याचे मूळ पुन्हा त्याच दुसऱ्या प्रश्नात. दायमाबादचे स्थळ १९५८ मध्ये उजेडात आले होते. मधुसूदन नरहर देशपांडे, शि. रं. राव आणि त्यानंतर १९७५ ते १९७९ या काळात शां. अ. साळी यांनी तेथे उत्खनने केली. परंतु हे चार तुकडे त्यांच्यापैकी कोणाच्याही कुदळीखाली आलेले नाहीत. झुडपाचे मूळ खणणाऱ्या माणसाने थराची नोंद ठेवणे शक्यच नव्हते. ज्या जागी ते मिळाले तिची नंतर तपासणी झाली, खोलीचा हिशेब झाला, आणि साळींनी ते उत्तर हडप्पा काळातले, म्हणजे ढोबळमानाने चार हजार वर्षांपूर्वीचे मानले. उलट डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या रासायनिक पृथक्करणावरून शंका घेतली. यातील आर्सेनिकचे प्रमाण इतर ताम्रपाषाणकालीन धातूकामाशी जुळत नाही असे त्यांचे म्हणणे. तांब्याचा तो रथ जगातल्या कोणत्याही दालनात अभिमानाने ठेवावा असा आहे, त्याच्या अस्सलपणाविषयी वाद नाही, आणि तरीही तो नेमका कोणत्या शतकात चालत होता हे सांगताना विद्वानांचे एकमत होत नाही. न्यायसभेतल्या अलंकारांची स्थिती याहून वेगळी नव्हती.

वाशीहून येरमाळ्याच्या बाजूने खाली उतरून तेरणाकाठच्या तेरला गेले, की हाच प्रश्न अधिक जिवंत होऊन भेटतो. तेर म्हणजे ग्रीक व्यापारी ज्याला ‘तगर’ म्हणत ते नगर. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ही ओळख पटवली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर तगर आहे, आणि तेथून कापड भडोचच्या बंदराकडे गाड्यांवर लादून, वाटा नसलेल्या मुलखातून नेले जाते असे म्हटले आहे. या गाड्यांच्या चाकोऱ्या आता नाहीत. गावात मातीचे उंचवटे आहेत, विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर आहे, आणि गोरोबाकाकांची समाधी आहे. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे हे सांगणारा कुंभार तेरचाच असावा, यात औचित्य आहे. कारण तेर हे मुळात मातीच्या वस्तूंचे गाव.

त्या मातीला ओळखले ते रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसाने. पुरातत्त्वाचे शिक्षण नाही, पाठीशी संस्था नाही. पाऊस पडून गेला की पांढरीच्या मातीतून मणी, नाणी, मूर्तींचे तुकडे वर येत. शेतकऱ्यांना नांगरताना काही सापडे. ते लोकांकडून घेऊन लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जपले. लोक ज्याला खापर म्हणून उकिरड्यावर टाकीत त्याला त्यांनी घरात जागा दिली. १९५८ मध्ये चापेकरांनी तेरला उत्खनन केले. १९६० मध्ये डग्लस बॅरेट यांची तेरवरची छोटी पुस्तिका मुंबईहून निघाली आणि या संग्रहाची कीर्ती बाहेर गेली. पुढे तो शासनाकडे आला. आज लामतुरे यांचेच नाव धारण करणाऱ्या तेरच्या शासकीय संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पुण्यात कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकर यांनी हेच केले आणि १९७५ मध्ये आपला संग्रह शासनाला दिला. त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. लामतुरे यांचे नाव जिल्ह्याबाहेर किती मराठी प्राध्यापकांना ठाऊक असेल, याविषयी मला शंका आहे.

या संग्रहातल्या पांढऱ्या, चिनी मातीसारख्या केओलिनच्या लहान मूर्ती पाहाव्यात. त्या हाताने घडवलेल्या नाहीत. पुढच्या अंगाचा एक साचा, मागच्या अंगाचा दुसरा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, अर्धुके जोडायची, आत पोकळ ठेवायचे आणि भाजायचे. कानशिलावरून, दंडावरून खाली उतरणारी सांधरेषा नीट पाहिली तर दिसते. वाशीच्या कपाटातल्या कॉर्व्हेटच्या कडेला तशीच बारीक रेषा असते, आणि कारखाना ती घासून झाकण्याचा प्रयत्न करतो. तेरच्या कुंभाराने तिची फारशी लाज बाळगलेली दिसत नाही. रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेल्या, गळ्यात घालायच्या मातीच्या चकत्याही येथल्या. सोन्याचे नाणे परवडत नाही, तर त्याचा ठसा मातीत घ्यायचा आणि मिरवायचा. रोहसेनाच्या घरची गोष्टच ती, उलट्या दिशेने.

लामतुरे संग्रहाचे रत्न म्हणजे हस्तिदंती स्त्रीप्रतिमा. तिची बहीण १९३८ मध्ये इटलीत पाँपेई येथे मिळाली होती. पाँपेईची मूर्ती इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेली, त्यामुळे ती त्याआधीची आहे एवढे निःसंशय सांगता येते. तेरच्या मूर्तीला अशी राख मिळाली नाही. ती कोणत्या थरातून आली याची नोंद नसल्यामुळे तिचा काळ सांगताना बोट इटलीकडे दाखवावे लागते. १९७३ मध्ये जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात अशाच एका हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला, तेव्हा या मूर्तींचे माहेर मराठवाड्याच्या बाजूला असावे या मताला जमिनीतला आधार आला. तीन मूर्ती, पण त्यांपैकी आमच्या जिल्ह्यातली एकटीच अशी, की जी स्वतःविषयी काही सांगू शकत नाही.

यावरून लामतुरे यांना दोष देणारे अभ्यासक मी ऐकले आहेत. थर नष्ट झाला, संदर्भ गेला, हौशी संग्राहकाने विज्ञानाचे नुकसान केले, वगैरे. मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. ज्या काळी निजामी मुलखातल्या या गावाकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नव्हते, त्या काळी पावसाने उघडे पडलेले हस्तिदंत कोणत्या थराची वाट पाहत बसले असते? ते चुन्याच्या भट्टीत गेले असते किंवा मुलांच्या हातून फुटले असते. संग्राहकाने वस्तू तिच्या जागेपासून तोडली हे खरे. पण ती जागा तशीही त्या वस्तूला धरून ठेवणार नव्हती. मात्र आक्षेपाचा अर्धा भाग उरतोच. ज्याने कण आणून दिला त्याचे शेत कोणते, महिना कोणता, एवढे दोन शब्द एखाद्या वहीत असते तर आज वीस हजार वस्तूंचा आवाज वेगळा लागला असता.

अमेरिकेत केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे, जेथे १९८१ पासून कॉर्व्हेट तयार होते, तिचे स्वतंत्र संग्रहालय आहे. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे त्या संग्रहालयाच्या गोल दालनाखालची चुनखडीची जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. त्यांपैकी तीन दुरुस्त करण्यात आल्या. उरलेल्या पाच, चिरडलेल्या, मातीने माखलेल्या, तशाच प्रदर्शनात ठेवल्या आहेत. कारखान्यातून निघालेल्या हजारो गाड्यांपासून त्या आता वेगळ्या झाल्या आहेत, कारण त्यांच्या बाबतीत कोणत्या दिवशी, कोठे, काय घडले हे ठाऊक आहे. प्रतिकृती काढणाऱ्यांनी अजून त्या चिरडलेल्या रूपाला हात घातलेला माझ्या पाहण्यात नाही.

वाशीच्या स्नेह्यांना तेरची ही हकिकत सांगितल्यापासून त्यांनी एक दोनशे पानी वही घातली आहे. गाडीचे प्रमाण, कारखाना, बुडावरचा मजकूर, कोठून घेतली, कोणाकडून, किंमत, खोके आहे की नाही. २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले आणि परदेशी प्रतिकृती मागवणे अवघड होऊन बसले, तेव्हापासूनच्या नोंदींत ‘पुण्यातील संग्राहकाकडून अदलाबदल’ असे शब्द वारंवार येतात. तीस कॉर्व्हेटांची पाने भरली आहेत. शेवटच्या पानावर मात्र कॉर्व्हेट नसलेली एक गाडी आहे. रंग उडालेली, एक चाक नसलेली, बुडावर ‘लिओ’ ही अक्षरे अजून वाचता येणारी. लहानपणी वडिलांनी येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत एका पालावरून घेऊन दिलेली. स्थळ लिहिले आहे, तिथी लिहिली आहे. सालाची जागा कोरी आहे, आणि तिच्यापुढे पेन्सिलीने लिहिले आहे: ‘आईला विचारणे.’